डेनिस रिची

डेनिस मॅकॲलिस्टेअर रिची (जन्म: ९ सप्टेंबर, इ.स. १९४१, ब्राँक्सव्हिल, न्यू यॉर्क. मृत्यू: ऑक्टोबर, इ.स. २०११, बर्कली हाइट्स, न्यू जर्सी) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. सी ही संगणकीय भाषा त्यांनी घडवली आणि केन थॉम्पसन यांच्यासह युनिक्स ही संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) उभी केली. या कार्यासाठी दोघांना इ.स. १९८३ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

रिची यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा एका संगणकासाठी लिहिलेली प्रणाली दुसऱ्या जातीच्या संगणकावर निरुपयोगी ठरत असे. यंत्र जुने झाले की त्यासाठी केलेले अनेक वर्षांचे लेखनही वाया जाई. आज्ञावलीची यंत्राशी असलेली ही बांधीलकी सैल करण्यात रिची यांचा वाटा फार मोठा आहे. एका संगणकावर काम करून वेगळ्या जातीच्या यंत्रासाठी आज्ञावल्या तयार करण्याच्या पद्धतीला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. राउटर, सेट-टॉप बॉक्स, कारखान्यांतील नियंत्रक अशा उपकरणांत चालणारी आटोपशीर लिनक्स प्रणाली याच पद्धतीने बांधली जाते. या पद्धतीची आजची रूपे सी भाषेवर उभी आहेत.

बालपण व शिक्षण

रिची यांचे वडील ॲलिस्टेअर रिची हे बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. दूरध्वनी जोडणाऱ्या स्विचिंग मंडलांच्या रचनेवरील इ.स. १९५१ च्या एका मान्यवर ग्रंथाचे ते सहलेखक होते. डेनिस यांचे बालपण न्यू जर्सी राज्यातील समिट या गावी गेले आणि शालेय शिक्षणही तेथेच झाले. पुढे त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला व इ.स. १९६३ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी मिळवली. विद्यापीठात असताना युनिव्हॅक-१ या संगणकाविषयीचे एक व्याख्यान त्यांनी ऐकले आणि त्यांचे लक्ष संगणकाकडे वळले.

पदवीनंतर त्यांनी हार्वर्डमध्येच उपयोजित गणितात संशोधन केले. पॅट्रिक फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. आज्ञावलीतील आवर्तने एकात एक किती खोल गुंफली आहेत यावरून तिची गणनक्षमता कशी ठरते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्रबंध इ.स. १९६८ मध्ये लिहून पूर्ण झाला. परंतु त्याची बांधणी केलेली प्रत त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा केली नाही. परिणामी डॉक्टरेटची पदवी त्यांना रीतसर मिळालीच नाही. हा प्रबंध अनेक वर्षे हरवल्यासारखा होता. फिशर यांच्या संग्रहात त्याची प्रत सापडली आणि कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्यूझियमने इ.स. २०२० मध्ये ती वाचकांसाठी खुली केली.

बेल प्रयोगशाळा व मल्टिक्स

इ.स. १९६७ मध्ये रिची न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. त्या वेळी मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्था (एमआयटी), जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल प्रयोगशाळा मिळून मल्टिक्स नावाची महत्त्वाकांक्षी संचालन प्रणाली तयार करीत होत्या. एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना एकाच वेळी टर्मिनलवरून काम करता यावे, असा तिचा हेतू होता. प्रकल्प लांबत गेला, खर्च वाढत गेला आणि इ.स. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले.

मल्टिक्सवर काम करणारी मंडळी अचानक मोकळी झाली. केन थॉम्पसन, रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या संगणकासाठी वरिष्ठांकडे मागण्या केल्या, पण मल्टिक्सच्या अनुभवाने पोळलेल्या व्यवस्थापनाने त्या मान्य केल्या नाहीत. एकत्र बसून काम करण्याचे, एकमेकांच्या फाइली पाहून सुधारण्याचे जे वातावरण मल्टिक्सने दिले होते ते त्यांना गमवायचे नव्हते. युनिक्सच्या जन्मामागे ही गरज होती.

कागदी फितीवरून आलेली प्रणाली

थॉम्पसन यांनी सूर्यमालेतील ग्रहांमध्ये यान चालवण्याचा एक खेळ लिहिला होता. तो प्रयोगशाळेच्या जीई-६३५ या मोठ्या संगणकावर चालवला तर एका डावाला सुमारे ७५ डॉलर इतका यंत्रखर्च पडत असे. थॉम्पसन यांना प्रयोगशाळेत फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ हा छोटा संगणक सापडला. त्याचा पडदा चांगला होता. मात्र त्याची मेमरी १८ बिटांच्या केवळ ८,००० शब्दांच्या आसपास होती आणि त्यावर आज्ञावली लिहिण्याची सोयीस्कर साधने नव्हती. थॉम्पसन व रिची यांनी हा खेळ या यंत्रावर आणला.

साधनांच्या अभावी त्यांनी आडवळणाचा मार्ग धरला. मोठ्या जीई संगणकाच्या असेंबलरला त्यांनी पीडीपी-७ च्या सूचना ओळखायला लावल्या. आज्ञावली मोठ्या यंत्रावर तयार होई, तिचे अंतिम रूप कागदी फितीवर छिद्रांच्या स्वरूपात उमटे आणि ती फीत हाताने नेऊन लहान यंत्राला वाचायला दिली जाई. चूक आढळली की पुन्हा मोठ्या यंत्राकडे जायचे, नवी फीत काढायची आणि परत यायचे. क्रॉस-कंपायलिंगचे मूळ तत्त्व या खटाटोपात पूर्णपणे दिसते: ज्या यंत्रावर आज्ञावली चालायची आहे ते स्वतः ती तयार करण्यास असमर्थ असेल, तर अधिक समर्थ यंत्राकडून ती तयार करून घ्यावी.

इ.स. १९६९ च्या उन्हाळ्यात थॉम्पसन यांनी याच पद्धतीने कर्नल (प्रणालीचा गाभा), शेल, संपादक आणि असेंबलर लिहून काढले. फाइल प्रणालीची रूपरेषा थॉम्पसन, रिची आणि रड कॅनाडे यांनी मिळून आधीच आखली होती. पीडीपी-७ चा स्वतःचा असेंबलर व संपादक तयार झाल्यावर फितींची गरज संपली. प्रणाली स्वतःच्या यंत्रावर स्वतःला लिहू व सुधारू लागली. इ.स. १९७० मध्ये मल्टिक्सच्या नावावर कोटी करून ब्रायन कर्निहॅन यांनी सुचवलेले युनिक्स हे नाव तिला मिळाले.

बी भाषेकडून सी भाषेकडे

सुरुवातीचे युनिक्स असेंब्ली भाषेत, म्हणजे थेट यंत्राच्या सूचनांच्या भाषेत लिहिलेले होते. केंब्रिजचे मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल भाषा लहान करून थॉम्पसन यांनी पीडीपी-७ साठी बी ही भाषा तयार केली. तिचा पहिला कंपायलर दुसऱ्या साधनाने लिहिला होता. नंतर थॉम्पसन यांनी तो बी भाषेतच पुन्हा लिहिला.

या काळातील रिची यांचे एक काम क्रॉस-कंपायलरच्या इतिहासात विशेष उल्लेखनीय आहे. बी भाषेतील आज्ञावलीचे जीई-६३५ च्या यंत्रसूचनांत रूपांतर करणारा कंपायलर त्यांनी बी भाषेतच लिहिला आणि तो पीडीपी-७ वर चालवला. वापरकर्त्याला अवघी ४,००० शब्दांची जागा देणारे १८ बिटांचे छोटे यंत्र ३६ बिटांच्या मोठ्या यंत्रासाठी आज्ञावल्या घडवू लागले. वर्षभरापूर्वी मोठ्या यंत्राने लहान यंत्राला उभे केले होते. आता प्रवाह उलट दिशेने वाहू लागला. बी भाषा अत्यंत साधी असल्यामुळेच हे शक्य झाले.

इ.स. १९७० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस पीडीपी-११ हा नवा संगणक आला. पेटंट विभागासाठी मजकूर तयार करण्याची व्यवस्था करून देऊ, असे सांगून त्याची खरेदी मंजूर करून घेण्यात आली होती. यंत्र आले, पण त्याची डिस्क येण्यास सुमारे तीन महिने लागले. तोवर बुद्धिबळाच्या ६×८ घरांच्या पटावर घोड्याच्या किती बंद फेऱ्या होतात, हे मोजण्याच्या कामाला ते लावले गेले. रिची यांनी त्याच्यासाठी साधा असेंबलर बी भाषेत लिहिला आणि डिस्क येण्यापूर्वीच बी भाषेतील आज्ञावल्या त्यावर चालू लागल्या. या यंत्राची मेमरी २४ किलोबाइट होती. त्यातील १२ किलोबाइट संचालन प्रणालीला लागत, थोडी जागा वापरकर्त्याच्या आज्ञावलीला मिळे आणि उरलेली मेमरी डिस्कसारखी वापरली जाई. इ.स. १९७१ मध्ये पेटंट विभागाचे टंकलेखक या प्रणालीवर नित्य काम करू लागले.

नव्या यंत्राने बी भाषेच्या मर्यादा उघड केल्या. बी भाषेला एकच प्रकार ठाऊक होता: यंत्राचा एक शब्द. पीडीपी-११ मात्र मेमरीतील प्रत्येक बाइट वेगळा ओळखत असे. अक्षर एका बाइटात मावत होते, पूर्णांकाला दोन बाइट लागत होते आणि अपूर्णांकांना त्याहून अधिक. सगळ्यांना एकाच मापाने मोजणे गैरसोयीचे व मंद ठरू लागले. इ.स. १९७१ पासून रिची यांनी भाषेत अक्षर, पूर्णांक असे प्रकार आणले, प्रकारांवरून नवे प्रकार रचण्याची सोय केली आणि ॲरे व पॉइंटर यांचा संबंध नव्याने ठरवला. भाषा इतकी बदलली की तिला सी असे नवे नाव देण्यात आले. भाषेच्या घडणीचा सर्वांत महत्त्वाचा काळ इ.स. १९७२ हा होता.

प्रकारांमुळे झालेला मोठा लाभ पुढे लक्षात आला. आज्ञावली लिहिणारा केवळ पूर्णांक हवा एवढे सांगतो. त्याला किती बाइट द्यायचे व ते कसे हाताळायचे, हे त्या त्या यंत्राचा कंपायलर ठरवतो. यंत्राचे तपशील आज्ञावलीतून निघून कंपायलरमध्ये जाऊन बसले.

सी भाषेतील युनिक्स

इ.स. १९७२ मध्ये थॉम्पसन यांनी युनिक्सचा गाभा सी भाषेत लिहून पाहिला. पण तेव्हा भाषेत स्ट्रक्चर, म्हणजे भिन्न प्रकारची माहिती एका नावाखाली एकत्र ठेवण्याची सोय नव्हती आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. रिची यांनी ही सोय केल्यानंतर इ.स. १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी गाभा सी भाषेत लिहून पूर्ण केला. नवी प्रणाली जुनीपेक्षा आकाराने सुमारे एकतृतीयांशाने मोठी झाली, मात्र ती समजण्यास व सुधारण्यास पुष्कळ सोपी होती. संचालन प्रणाली असेंब्ली भाषेतच लिहिली पाहिजे, ही त्या काळची रूढ समजूत होती. मल्टिक्सने तिला आधीच तडा दिला होता. लहान यंत्रावरही उच्चस्तरीय भाषा पुरेशी ठरते, हे युनिक्सने दाखवले.

युनिक्सवरील थॉम्पसन व रिची यांचा निबंध जुलै १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विद्यापीठांकडून प्रणालीला मागणी येऊ लागली. बेल प्रयोगशाळेची मालक कंपनी एटी अँड टी हिला इ.स. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे संगणक व्यवसायात उतरता येत नव्हते. विद्यापीठांना युनिक्स मूळ आज्ञावलीसह अल्प शुल्कात देण्यात आले. विद्यार्थ्यांच्या पिढ्या ही आज्ञावली वाचून शिकल्या.

फाइलच्या मालकाचा अधिकार ठराविक आज्ञावलीपुरता सामान्य वापरकर्त्याला देण्याची युक्ती रिची यांनी शोधली. तिचे पेटंट इ.स. १९७९ मध्ये मंजूर झाले व पुढे ते सार्वजनिक वापरासाठी खुले करण्यात आले. युनिक्सच्या वंशातील प्रणालींमध्ये पासवर्ड बदलण्यासारखी कामे या सोयीवर चालत आली आहेत.

एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे

सी भाषेतील आज्ञावल्या अन्य यंत्रांवर जाऊ लागल्या होत्या, तरी संचालन प्रणाली अजून पीडीपी-११ च्याच कुळात होती. इ.स. १९७७ मध्ये रिची व स्टीव्ह जॉन्सन यांनी इंटरडेटा ८/३२ हे मुद्दाम वेगळ्या धाटणीचे ३२ बिटांचे यंत्र निवडले आणि युनिक्स त्यावर नेले. जॉन्सन यांनी यासाठी सहज बदलता येणारा कंपायलर लिहिला होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील वोलाँगाँग विद्यापीठातही युनिक्स इंटरडेटाच्या दुसऱ्या यंत्रावर स्वतंत्रपणे नेण्यात आले.

या कामात यंत्रावर अवलंबून असलेला भाग आणि सर्वांना समान असलेला भाग यांची वाटणी काटेकोरपणे करावी लागली. दोन्ही यंत्रांत बाइटांचा क्रम उलट होता, पूर्णांकाचा आकार निराळा होता. पूर्णांक आणि पॉइंटर एकाच मापाचे आहेत असे गृहीत धरून लिहिलेल्या ओळी नव्या यंत्रावर कोसळत. अशा संशयास्पद जागा शोधण्यासाठी जॉन्सन यांनी लिंट नावाचे साधन तयार केले. या अनुभवावरील रिची व जॉन्सन यांचा निबंध इ.स. १९७८ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल या नियतकालिकात आला.

ग्रंथ व प्रमाणीकरण

इ.स. १९७८ मध्ये कर्निहॅन व रिची यांचे सी भाषेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखकांच्या आद्याक्षरांवरून ते के अँड आर या नावाने ओळखले जाते. आटोपशीर मांडणी आणि चालवून पाहता येतील अशी उदाहरणे यांमुळे अनेक वर्षे तेच भाषेचे अनधिकृत प्रमाण मानले गेले. इ.स. १९८९ मध्ये अमेरिकेच्या आणि इ.स. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने भाषेचे प्रमाण निश्चित केले. रिची प्रमाण समितीच्या दैनंदिन कामापासून दूर राहिले. मात्र मसुद्यात घातलेला नोएलियास हा शब्द भाषेला घातक ठरेल, असे त्यांनी इ.स. १९८८ मध्ये समितीला ठामपणे कळवले आणि तो शब्द वगळण्यात आला.

उत्तरकाळ

रिची यांनी संपूर्ण कारकीर्द बेल प्रयोगशाळेतच घालवली. युनिक्समधील संदेशवहन सुटसुटीत करणारी स्ट्रीम्स ही त्यांची रचना इ.स. १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. इ.स. १९९० पासून ते संशोधन विभागाचे प्रमुख होते. प्लॅन ९ आणि इन्फर्नो या प्रणालींच्या कामात त्यांच्या विभागाचा सहभाग होता. प्लॅन ९ साठी थॉम्पसन यांनी लिहिलेल्या कंपायलरांत स्वतःच्या यंत्रासाठीचा व परक्या यंत्रासाठीचा असा भेदच नव्हता. त्यातील प्रत्येक कंपायलर कोणत्याही यंत्रावर तयार होई आणि आपल्याला नेमून दिलेल्या प्रोसेसरसाठी सूचना काढी. इ.स. २००७ मध्ये रिची निवृत्त झाले. सहकारी त्यांना डीएमआर या आद्याक्षरांनी ओळखत. वृत्तीने ते मितभाषी होते.

क्रॉस-कंपायलिंग व लहान लिनक्स प्रणाली

रिचर्ड स्टॉलमन यांनी इ.स. १९८३ मध्ये युनिक्ससारखी, पण सर्वांना मुक्तपणे वापरता व बदलता येईल अशी ग्नू प्रणाली उभारण्याचे जाहीर केले. तिचा सी कंपायलर जीसीसी इ.स. १९८७ मध्ये आला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी इ.स. १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल सी भाषेत लिहिलेला असून जीसीसीच्या आधाराने वाढला. यांपैकी कोणत्याही कामात रिची यांचा प्रत्यक्ष हात नव्हता. भाषा आणि प्रणालीचा आराखडा मात्र त्यांच्याकडून आलेला होता.

एखाद्या छोट्या उपकरणासाठी लिनक्स बांधताना इ.स. १९६९ मधील अडचणच पुन्हा समोर येते. उपकरणाची मेमरी तुटपुंजी असते, साठवणीची जागा कमी असते आणि कंपायलर चालवण्याइतके बळ त्यात नसते. म्हणून टेबलावरील संगणकावर साधनांची एक मालिका उभारली जाते. तिला टूलचेन म्हणतात. काम ज्या यंत्रावर चालते ते यजमान यंत्र आणि आज्ञावली ज्याच्यासाठी असते ते लक्ष्य यंत्र होय.

टूलचेनमध्ये चार मुख्य घटक असतात: असेंबलर व लिंकर असलेला बिनयुटिल्स संच, जीसीसीसारखा कंपायलर, लिनक्स कर्नलच्या हेडर फाइली आणि सी भाषेचे ग्रंथालय, म्हणजे सी लायब्ररी. यांच्या उभारणीत एक पेच आहे. पूर्ण कंपायलर बांधण्यासाठी लक्ष्य यंत्राची सी लायब्ररी लागते आणि ती लायब्ररी बांधण्यासाठी कंपायलर लागतो. तो सोडवण्यासाठी काम टप्प्यांनी केले जाते. प्रथम लक्ष्य यंत्रासाठी असेंबलर व लिंकर तयार करतात. नंतर सी लायब्ररीशिवाय चालणारा प्राथमिक कंपायलर बांधतात. कर्नलच्या हेडर फाइली योग्य जागी ठेवून त्या प्राथमिक कंपायलरने सी लायब्ररी तयार केली जाते. शेवटी ही लायब्ररी हाताशी घेऊन पूर्ण कंपायलर पुन्हा बांधतात. बी भाषेचा कंपायलर आधी दुसऱ्या साधनाने आणि मग बी भाषेतच लिहिला गेला, त्या युक्तीचेच हे विस्तारित रूप आहे.

या उभारणीत यजमान आणि लक्ष्य यांच्या फाइली एकमेकांत मिसळू न देणे महत्त्वाचे असते. लक्ष्य यंत्राच्या हेडर फाइली व लायब्ररी सिसरूट नावाच्या स्वतंत्र निर्देशिकेत ठेवल्या जातात आणि प्रत्येक साधनाच्या नावापुढे लक्ष्य यंत्राची ओळख सांगणारा उपसर्ग लावला जातो. यजमान यंत्राची लायब्ररी चुकून जोडली गेली तर आज्ञावली तयार होताना किंवा उपकरणावर चालवताना बंद पडते. आज्ञावली बांधण्यापूर्वी छोट्या चाचण्या चालवून यंत्राचे गुणधर्म ताडण्याची पद्धतही येथे उपयोगी पडत नाही, कारण लक्ष्य यंत्रासाठीची चाचणी यजमान यंत्रावर चालत नाही. ती उत्तरे आधीच पुरवावी लागतात. बाइटांचा क्रम व प्रकारांची मापे यांविषयी रिची आणि जॉन्सन यांना भेडसावलेले प्रश्न आजही तसेच आहेत.

टूलचेन सिद्ध झाल्यावर तिने कर्नल आणि मूळ फाइल प्रणाली बांधली जाते. आकार लहान राखण्यासाठी ग्नूच्या मोठ्या सी लायब्ररीऐवजी मसल किंवा यूसीलिबसी-एनजी यांसारख्या लहान लायब्ररी वापरतात. नित्याच्या अनेक आज्ञा एकाच फाइलमध्ये सामावणारी बिझीबॉक्स ही आज्ञावली अशा प्रणालींत सर्रास आढळते. क्रॉसटूल-एनजी हे साधन टूलचेनचे टप्पे आपोआप पार पाडते, तर बिल्डरूट टूलचेनपासून संपूर्ण प्रणालीपर्यंतचे काम करते. तरीही टप्प्यांचा क्रम माहीत असलेल्यालाच बिघाड कोठे झाला ते शोधता येते.

मर्यादा व टीका

सी भाषा यंत्राच्या जवळ राहते आणि आज्ञावली लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवते. ॲरेच्या मर्यादेबाहेर लिहिले तरी ती सहसा अडवत नाही. यामुळे वेग साधतो, पण सुरक्षेची जोखीम निर्माण होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने अशाच एका उणिवेचा फायदा घेतला. लांबीची मर्यादा न पाहता ओळ वाचणारे गेट्स हे फंक्शन त्याला कारणीभूत होते, ते इ.स. २०११ च्या प्रमाणातून काढून टाकण्यात आले. मेमरीविषयीच्या चुका कंपायलरनेच रोखाव्यात या विचाराने रस्टसारख्या भाषा पुढे आल्या आणि इ.स. २०२२ मध्ये लिनक्स कर्नलमध्येही रस्टला प्रवेश मिळाला. भाषेतील काही त्रुटींची, विशेषतः ऑपरेटरांच्या क्रमासारख्या जुन्या निर्णयांची, कबुली रिची यांनी भाषेचा इतिहास लिहिताना स्वतः दिली आहे.

महाराष्ट्रात

महाराष्ट्रात अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनाच्या असंख्य विद्यार्थ्यांची संगणकीय भाषांशी पहिली ओळख सी भाषेमार्फत झाली. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक पदविका अभ्यासक्रमात या भाषेचा समावेश राहिला आहे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे लेट अस सी हे पुस्तक महाराष्ट्रात आणि देशभर वाचले गेले. आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कंपायलरच्या अंतर्रचनेवर कार्यशाळा घेतल्या, तर पुण्यातील सी-डॅकमध्ये एम्बेडेड प्रणालींच्या रचनेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. ग्रामीण भागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व असे, की मुक्तपणे उपलब्ध असलेल्या साधनांच्या बळावर एक साधा संगणक आणि एक स्वस्त सर्किट बोर्ड एवढ्या सामग्रीत संपूर्ण प्रणाली स्वतः बांधून पाहता येते.

पुरस्कार व सन्मान

ट्युरिंग पुरस्काराखेरीज रिची यांना इ.स. १९९० मध्ये आयईईई संस्थेचे रिचर्ड हॅमिंग पदक मिळाले. इ.स. १९८८ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडले गेले. इ.स. १९९८ चे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना व थॉम्पसन यांना राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते इ.स. १९९९ मध्ये प्रदान करण्यात आले. इ.स. २०११ चा जपान पुरस्कारही दोघांना विभागून मिळाला. ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात रिची यांनी स्वतःच्या कामगिरीपेक्षा, चांगले संशोधन कोणत्या परिस्थितीत घडू शकते या प्रश्नाचा अधिक विचार केला.

मृत्यू

प्रोस्टेटचा कर्करोग व हृदयविकार यांवर रिची यांचे उपचार झाले होते. ते एकटे राहत असत. १२ ऑक्टोबर, इ.स. २०११ रोजी बर्कली हाइट्स येथील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. त्यांचे माजी सहकारी रॉब पाइक यांनी ही वार्ता जाहीर केली. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांचे निधन त्याच महिन्याच्या ५ तारखेला झाले होते आणि जगभरातील वृत्तपत्रे त्या बातमीने भरून गेली होती. रिची यांच्या मृत्यूची दखल त्या मानाने थोडी घेतली गेली. वास्तविक ॲपलच्या संगणकांची व फोनची प्रणालीही युनिक्सच्याच वंशातील असून तिचा गाभा मुख्यतः सी भाषेत आहे. त्यांच्या स्मरणार्थ नोव्हेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली फेडोरा १६ ही लिनक्सची आवृत्ती आणि त्यानंतर आलेली फ्रीबीएसडी ९.० ही आवृत्ती त्यांना अर्पण करण्यात आली.